साठ नावांची कमिटी, सात जणांची बैठक

तुमचा प्रश्न तीनदा वाचला. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या कमिटीचे तुम्ही नवे चिटणीस, वय २९, दिवसा उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, नोकरी. यादीवर साठ नावं, व्हॉट्सअ‍ॅपचे चार ग्रुप आणि रात्री एकपर्यंत चालणाऱ्या बैठका. व्यासपीठावर कोणी बसायचं यावरून ज्येष्ठांची भांडणं होतात. उमेदवाराची माणसं कमिटीला न विचारता परस्पर गावात जातात. कन्नड बोलणारे कार्यकर्ते बैठकीतून अर्ध्यावर उठून जातात. आणि शेवटी तुम्ही विचारता, "माणसं वाढवू, की राजीनामा देऊ?"

दोन्ही नको. तुम्ही माणसं कमी पडतात असं मांडलंय, पण वर्णन वाचून मला वाटतं की कोणी काय ठरवायचं आणि कोणाला उत्तर द्यायचं हे तुमच्याकडे कुठेच लिहिलेलं नाही. एरवी चार वर्षं ते चालून जातं. अध्यक्षांच्या ओसरीवर बसून सगळं ठरतं आणि निभतं. निवडणूक लागली की तीच ओसरी पुरत नाही, आणि मग साठ जण साठ गोष्टी ठरवतात.

माझ्याबद्दल थोडं सांगतो. खानापूर तालुक्यात १९९९ च्या निवडणुकीपासून मी पक्षाच्या कार्यालयाचं काम पाहतो. मध्ये काही वर्षं चिटणीस होतो. पक्षाचं नाव लिहीत नाही, कारण हे काम सगळीकडे सारखंच असतं. आणखी एक, आपल्या भागात नुसतं 'समिती' म्हटलं की लोक सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणारी महाराष्ट्र एकीकरण समितीच समजतात, म्हणून इथे मी 'कमिटी' हाच शब्द वापरतो. तुम्ही समितीचं काम करत असाल तरी यातलं बहुतेक तुम्हाला लागू पडेल.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. पहिली म्हणजे निवडणूक कोणती. ग्रामपंचायतीची निवडणूक आपल्याकडे पक्षाच्या चिन्हावर होत नाही. गावातल्या दोन्ही पॅनेलमध्ये आपलीच माणसं असतात, आणि कमिटीने एका बाजूला हात दिला की दुसरी बाजू पुढच्या विधानसभेपर्यंत ते विसरत नाही. तिथे कमिटीने गप्प राहणं हेच मोठं काम आहे. दुसरी गोष्ट तुमच्या हद्दीची. बेळगाव तालुका विधानसभेला एका मतदारसंघात बसत नाही. उचगाव, हिंडलगा बेळगाव ग्रामीणमध्ये येतात, तर काकती, कडोली यमकनमर्डीत. आमचं खानापूर जिल्ह्याने बेळगावचं, पण लोकसभेला उत्तर कन्नडमध्ये. म्हणून तालुका कमिटी म्हणजेच मतदारसंघाची कमिटी असं धरून चालू नका. तुमच्या यादीतल्या साठ जणांपैकी किती जणांचं मत याच मतदारसंघात आहे, हे आज रात्रीच बघा. आमच्याकडे एकदा बूथ एजंट म्हणून नेमलेले चौघे दुसऱ्याच मतदारसंघाचे मतदार निघाले, तेही मतदानाच्या आदल्या संध्याकाळी.

आता बैठकीचं बोलू. साठ नावं काढून टाकू नका. त्यातलं प्रत्येक नाव कोणाच्या तरी आयुष्यातल्या वीस वर्षांच्या कामाचं आहे. पण रोजची बैठक सात जणांचीच घ्या: अध्यक्ष, तुम्ही, हिशेब ठेवणारा, बूथ बघणारा, परवानग्या आणि कागदपत्रं बघणारा, महिलांमधून एक, आणि उमेदवाराने स्वतः नेमलेला एक माणूस. उमेदवाराची माणसं परस्पर जातात ही तक्रार मी प्रत्येक निवडणुकीत ऐकली आहे, आणि 'आम्हाला विचारल्याशिवाय जाऊ नका' असा ठराव करून ती कधीही मिटली नाही. त्यांचा माणूस रोज तुमच्या खोलीत बसला, उद्या कोणत्या गावात कोण जाणार हे त्याच्यासमोर लिहिलं गेलं, की अर्धी तक्रार आपोआप जाते. तो माणूस अमुकच हवा असा हट्ट धरू नका. ज्याचा फोन उमेदवार पहिल्या घंटीला उचलतो, तोच मागा.

बैठक संध्याकाळी सातला उभ्याने घ्या, चाळीस मिनिटांची. मी 'उभ्याने' म्हणतो ते शब्दशः. खुर्च्या मांडल्या की मानपान सुरू होतो. आठवड्यातून एकदा, रविवारी, साठही जणांना बोलवा, नीट बसवा, चहा द्या, आठवड्यात काय झालं ते वाचून दाखवा आणि त्यांचं ऐकून घ्या. ज्येष्ठांना निर्णयाचा अधिकार हवा असतो असं आपण समजतो. माझ्या अनुभवात त्यांना बहुतेक वेळा आधी कळायला हवं असतं. पेपरात वाचून किंवा नातवाच्या फोनवरून कळलं की ते दुखावतात. म्हणून मी रोज रात्री साडेआठला पाच ज्येष्ठांना फोन करायचो, एकेकाला दोन मिनिटं. व्यासपीठावरच्या भांडणाचंही तसंच करा. सभेच्या आदल्या दिवशी नावांची यादी अध्यक्षांच्या सहीने सातांच्या बैठकीत पक्की करा आणि सभेच्या ठिकाणी कोणाच्याही सांगण्यावरून ती बदलू नका. एकदा बदललीत तर पुढची प्रत्येक यादी बदलावी लागेल.

कोण काय ठरवणार हे एका पानावर लिहा. आमच्या पानावर असं होतं: भागप्रमुख दोन हजार रुपयांपर्यंतचा खर्च आणि आपल्या भागातल्या कोपरा सभांची वेळ स्वतः ठरवेल. त्यावरचा खर्च, गाड्या आणि बाहेरच्या वक्त्यांची सभा सातांच्या बैठकीत ठरेल. उमेदवारी, दुसऱ्या गटाशी समझोता आणि पाठिंब्याचं पत्र यांसाठी पूर्ण कमिटी. या शेवटच्या गोष्टी साठ जणांपुढे उघडपणे येऊ द्या. २०१३ साली समितीचे दोन आमदार निवडून आले होते आणि २०१८ ला एकही नाही, हे आपण दोघांनीही पाहिलं आहे. आमच्या खानापुरात तेव्हा दोन गटांचे दोन उमेदवार समोरासमोर होते. त्या काळात गावोगाव जो प्रश्न मला विचारला गेला तो उमेदवाराबद्दल नव्हताच. लोक विचारत होते, "हे ठरवलं कोणी?" त्याचं उत्तर देता येईल असा कागद ज्या कमिटीकडे असतो, तिचा कार्यकर्ता नाराज झाला तरी घरी बसत नाही.

आता ज्या गोष्टीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो ती म्हणजे मतदार यादी. सभा, पदयात्रा, झेंडे यांत उत्साह असतो आणि तो हवाच. पण आपल्या भागात मत हुकतं ते यादीत. नाव कन्नडमध्ये टाइप होतं, तिथून इंग्रजीत जातं, आणि मराठीत परत येताना चौगुलेचा चौगले होतो, ल चा ळ होतो, वडिलांचं नाव आडनावाच्या जागी बसतं. शोधणारा मराठीत शोधतो, नाव सापडत नाही, आणि म्हणतो माझं नाव उडवलं. निम्म्या वेळा नाव तिथेच असतं. म्हणून प्रत्येक बूथला यादी वाचायला एक कन्नड वाचणारा आणि एक मराठी घर ओळखणारा अशी जोडी लावा. नावावरून शोधू नका, घर क्रमांक धरून गल्लीच्या क्रमाने चाला.

दुसरी अडचण सोयरिकींची. आपल्या सुना चंदगड, गडहिंग्लज, कागलहून येतात, आपल्या मुली तिकडे जातात. नाव माहेरच्या यादीत महाराष्ट्रात, संसार इथे. काही ठिकाणी दोन्हीकडे. दोन ठिकाणी नाव ठेवणं कायद्याने चालत नाही, आणि विरोधकाने हरकत घेतली तर त्या बाईलाच त्रास होतो. पत्ता बदलला असेल तर फॉर्म ८, अगदीच नवं नाव असेल तर फॉर्म ६. हे फॉर्म निवडणूक जाहीर झाल्यावर आठवतात आणि तेव्हा दिवस उरलेले नसतात. उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या तारखेआधी साधारण दहा दिवसांपर्यंत आलेल्या अर्जांचाच त्या निवडणुकीसाठी विचार होतो. बीएलओ, म्हणजे बूथची मतदार यादी सांभाळणारे कर्मचारी, बहुतेक गावात अंगणवाडीच्या बाई असतात. त्यांच्यावर आवाज चढवू नका. पन्नास फॉर्मचा गठ्ठा त्यांच्या टेबलावर टाकण्यापेक्षा रोज पाच नीट भरलेले फॉर्म नेऊन द्या. आणि फॉर्म ७, म्हणजे नाव वगळण्याचा अर्ज, तो कमिटीच्या नावाखाली कोणीही घाऊक भरणार नाही असं बजावून सांगा. खोटी माहिती दिली तर गुन्हा होतो, आणि त्याहून वाईट म्हणजे, जिवंत माणसाचं नाव तुमच्या कार्यकर्त्याच्या सहीने वगळलं गेलं तर ते घर तुमच्यासाठी कायमचं बंद.

कन्नड बोलणाऱ्या कार्यकर्त्यांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, पण मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटली. खानापूरचा पश्चिम भाग मराठी, पण बिडी, इटगी, पारिश्वाडकडे गेलं की कन्नड. आमच्या कमिटीत तिकडचे एक निवृत्त मास्तर होते. एका बैठकीनंतर ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "दोन तास बसलो. चहा कधी आला तेवढंच कळलं." मला फार लाज वाटली, कारण त्या माणसाच्या हातात अकरा बूथ होते. त्यानंतर आम्ही नियम केला की प्रत्येक निर्णय वाचून दाखवताना दोन्ही भाषांत वाचायचा आणि त्याच रात्री दोन्ही भाषांत ग्रुपवर टाकायचा. भाषण कोणी कोणत्या भाषेत करायचं यावर आम्ही बंधन घातलं नाही, पण निर्णय दोन्ही भाषांतच. सीमाप्रश्नावर तुमचं मत काहीही असो. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि त्याचा निकाल तुमच्या कमिटीच्या बैठकीत लागणार नाही. तुमच्यासोबत उन्हात फिरणाऱ्या माणसाला आज काय ठरलं ते कळलं पाहिजे, एवढं मात्र तुमच्या हातात आहे.

पैशाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे चांगली माणसं बदनाम होतात. विधानसभेला उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा आपल्याकडे ४० लाख, लोकसभेला ९५ लाख. उमेदवाराचं वेगळं बँक खातं असतं, आणि एकाच माणसाला किंवा दुकानाला संपूर्ण निवडणुकीत १०,००० रुपयांच्या वर रोख देता येत नाही. कमिटीने मांडव घातला, जीप फिरवली, तरी तो खर्च उमेदवाराच्या नावावर धरला जाऊ शकतो. खुर्ची, चहा, मंडप यांचे दर निवडणूक यंत्रणेने आधीच ठरवलेले असतात. त्यामुळे 'आमच्या पाहुण्याचा मांडव आहे, फुकट दिला' हे चालत नाही. म्हणून हिशेबाची वही एकच, लिहिणारा एकच, आणि तो माणूस पैसे गोळा करणारा नसावा.

मी हे कसं शिकलो ते सांगतो. एका निवडणुकीत मतदानाला महिना उलटून गेल्यावर एक जीपवाला माझ्या घरी आला. तिघांनी वेगवेगळं त्याला गाडी लावायला सांगितलं होतं, पैसे कोणीच दिले नव्हते, आणि मृग लागला होता, त्याला बियाणं घ्यायचं होतं. वहीत त्याचं नावच नव्हतं. मी घरातून पैसे दिले, पण त्याने दारात उभं राहून जो चेहरा केला होता तो अजून डोळ्यासमोर आहे. तेव्हापासून आमच्याकडे गाडी बोलवायची तर चिठ्ठी लागते. त्यावर तारीख, गाव, ठरलेला दर आणि भागप्रमुखाची सही. चिठ्ठी नसेल तर गाडी फिरणार नाही, आणि चिठ्ठी असेल तर पैसे आठ दिवसांत मिळालेच पाहिजेत. आपल्या भागात तपासणी नाके फार. कोगनोळी, बाची, कणकुंबी. निवडणुकीच्या काळात ५०,००० च्या वर रोख घेऊन जाताना कागद नसेल तर रक्कम जप्त होते, मग ती उसाच्या बिलाची असो की लग्नाच्या बस्त्याची. कार्यकर्त्यांना हे त्यांच्या घरच्या व्यवहारांसाठीही सांगा. पत्रकं कोल्हापूरला स्वस्त पडतात म्हणून तिकडे छापलीत तर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव प्रत्येक पत्रकावर आहे ना बघा, आणि बिल गाडीत ठेवा.

अर्ज भरण्याच्या दिवसाबद्दल फार लिहीत नाही, ते काम वकिलाचं. एवढंच लक्षात ठेवा की पक्षाचे ए आणि बी फॉर्म, म्हणजे हा आमचा अधिकृत उमेदवार असं सांगणारे कागद, शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पोचले पाहिजेत. ते उमेदवाराच्या मिरवणुकीच्या गाडीत ठेवू नका, आधीच कचेरीजवळ बसलेल्या माणसाकडे द्या. मिरवणूक कॉलेज रोडवर अडकली म्हणून घड्याळ थांबत नाही.

गोव्यात आणि पुण्यात कामाला गेलेल्या पोरांचा प्रश्न तुमच्याकडेही असेल. २०२३ च्या विधानसभेला, १० मे रोजी, गोवा सरकारने कर्नाटकच्या मतदारांना भरपगारी सुट्टी जाहीर केली होती. २०२४ ला तर गोवा, कोल्हापूर, बेळगाव सगळीकडे ७ मे ला एकाच दिवशी मतदान. सुट्टी मिळाली, पण पलीकडून प्रचाराला येणारी मंडळी आपल्याच गावात अडकली. असल्या तारखा जाहीर होताच बघून ठेवा आणि मुलांना महिनाभर आधी फोन करा. मात्र गोव्याहून चोर्ला घाटातून आणायला गाडी पाठवू नका. मतदारांना केंद्रापर्यंत फुकट ने-आण करणं हा भ्रष्ट आचार ठरतो आणि निवडून आलेल्याची निवडणूकही त्यामुळे अडचणीत येऊ शकते. ज्याला यायचं आहे त्याला आठवण पुरते.

आणखी एक आपल्या गावातली गोष्ट. आपली शिवजयंती वैशाखात, तिथीप्रमाणे, म्हणजे ऐन एप्रिल-मेच्या निवडणुकीत. चित्ररथाला जी पोरं रात्र रात्र जागतात तीच तुमची बूथची पोरं. त्यात लग्नसराई आणि गावच्या यात्रा. त्यांना 'आधी पक्ष' असं सांगू नका. मंडळांच्या तारखा आधी लिहून घ्या आणि त्या दिवसांत प्रचाराचं काम ठेवूच नका. मी दोनदा हट्ट धरून पाहिला. पोरं समोर हो म्हणाली आणि आली नाहीत.

मतदानाच्या दिवसासाठी एजंटांना एकच संध्याकाळ नीट शिकवा. मतदान सातला असेल तर मॉकपोल, म्हणजे यंत्राची चाचणी, साडेपाचला, एजंट तेव्हा तिथे हवा. फॉर्म १०, म्हणजे एजंट नेमल्याचा कागद, सहीसह आदल्या दुपारीच त्याच्या हातात द्या. मी एकदा ते फॉर्म उमेदवाराच्या घरी राहू दिले आणि दोन बूथ नऊ वाजेपर्यंत रिकामे गेले. मोबाईल आत चालत नाही, म्हणून यादीवर खुणा करायला दोन पेनं द्या. आपलं टेबल केंद्रापासून १०० मीटरच्या बाहेर मांडा, २०२५ च्या आधी ही अट २०० मीटरची होती. २०१९ च्या लोकसभेला बेळगावात ५७ उमेदवार होते, चार बॅलट युनिट, म्हणजे बटणं दाबायची यंत्रं, शेजारी शेजारी लावली होती आणि म्हातारी माणसं आपलं चिन्ह शोधत उभी राहायची. अशा वेळी आपलं चिन्ह कितव्या युनिटवर, कितव्या ओळीत आहे हे आठवडाभर आधी घरोघर सांगावं लागतं. मतदान संपल्यावर फॉर्म १७ सी, म्हणजे पडलेल्या मतांचा हिशेब, त्याची सही केलेली प्रत घेतल्याशिवाय एजंटाने केंद्र सोडायचं नाही. त्यावरचा मतांचा आकडा आणि यंत्राचा क्रमांक मोजणीच्या दिवशी जुळवता येतो. ती प्रत त्याच रात्री कार्यालयात, बूथच्या क्रमाने फाइलमध्ये.

राजीनाम्याबद्दल. तुमची नोकरी दिवसाची आहे, घरी लहान मूल आहे असंही तुम्ही लिहिलंय. नोकरी सोडू नका, सुट्टी मतदानाच्या आधीच्या आठ दिवसांसाठी राखून ठेवा. अध्यक्षांना सरळ सांगा की सकाळी दहा ते सहा कार्यालयात दुसरं कोणीतरी बसेल, आणि ते नाव त्या एका पानावर लिहा. मूल झोपायच्या आधी घरी पोचणं जमत नसेल तर बैठक सातची साडेसहा करा. उरलेल्या सहा जणांनाही घर आहे. अध्यक्ष या पानावर सही करायला तयार नसतील, तर मात्र तुमचा राजीनाम्याचा विचार मी चुकीचा म्हणणार नाही. पण आधी पान पुढे ठेवून बघा. मला वाटतं ते करतील, कारण या गोंधळाने तेही थकलेले असणार.

निकालानंतरचं एक काम आत्ताच डायरीत लिहा. निकालापासून ३० दिवसांत उमेदवाराला खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, आणि तो तुमच्या वहीवरूनच होतो. त्याच महिन्यात, निकाल काहीही लागो, मतदानाच्या दिवशी ज्यांची नावं सापडली नाहीत त्यांची यादी प्रत्येक एजंटाकडून घ्या आणि त्या घरी जा. त्यांचे फॉर्म तेव्हाच भरा.

पहिली सात जणांची बैठक झाली की उरलेल्या त्रेपन्न जणांपैकी कोण रुसलं, आणि कशावरून, ते मला सविस्तर लिहा. पुढचं त्यावर बोलू.